इटालियन वाईन शिकायची आहे, पण कोर्स कोणता घेऊ?

मागच्या भागात मी मिलानमधल्या माझ्या वाईनच्या क्लासबद्दल दोनच मिनिटं बोललो होतो. त्यावर बऱ्याच व्हॉइस नोट्स आल्या. त्यातली एक निफाडच्या मुलीची. हॉटेल मॅनेजमेंटचं शेवटचं वर्ष, घरी खायच्या द्राक्षांची बाग. ती म्हणाली, "दादा, मला इटालियन वाईन शिकून सॉमेलिए व्हायचंय. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. तू केलास तोच कोर्स करू का?"

मी लगेच उत्तर पाठवलं, "हो, बिनधास्त कर!" आणि रात्री झोप लागेना. कारण माझा पगार कोड लिहून येतो. माझा कोर्स वाया गेला तर एक छंद वाया जाईल. तिचा गेला तर बागेचा अख्खा हंगाम जाईल. म्हणून आजचा भाग. मी घाईत दिलेलं उत्तर आज दुरुस्त करतोय.

आधी सॉमेलिए म्हणजे कोण? रेस्टॉरंटमध्ये वाईन निवडणारा, नीट साठवणारा, योग्य तापमानाला आणून उघडणारा आणि कोणत्या जेवणाबरोबर काय जाईल हे सांगणारा माणूस. म्हणजे यात दोन गोष्टी आल्या. एक ज्ञान, दुसरी सर्व्हिस. सगळे कोर्स या दोन्ही गोष्टी सारख्याच शिकवत नाहीत. इथेच बहुतेकांची गफलत होते. माझीही झाली.

मी सगळ्यात आधी एक ऑनलाइन कोर्स घेतला होता. दोन दिवसांत सॉमेलिए! व्हिडिओ बघितले, क्विझ दिली, सर्टिफिकेट डाउनलोड केलं. पूर्ण कोर्समध्ये एक थेंब वाईन चाखली नाही. काठावर बसून पोहायला शिकण्याचा प्रकार. नंतर एका इटालियन सहकाऱ्याने विचारलं, "बारोलो कुठल्या द्राक्षाची?" मी म्हणालो, "बारोलोचीच की!" बारोलो हे गावाचं नाव आहे. द्राक्ष नेब्बियोलो.

इटालियन वाईनची खरी अडचण ही नावंच आहेत. मोन्तेपुल्चानो घ्या. आब्रुत्सो प्रांतात हे द्राक्षाचं नाव. तोस्कानात हे एका गावाचं नाव, आणि त्या गावाची प्रसिद्ध वाईन बनते मुख्यतः सांजोवेझे द्राक्षापासून. एकाच नावाची दोन व्हेरिएबल्स, आणि दोन्ही ग्लोबल! असा कोड रिव्ह्यूमध्ये पास झाला नसता. पण इटलीत हे शेकडो वर्षं चालू आहे, आणि ते पाठ करण्यापेक्षा चाखत चाखत लवकर लक्षात राहतं.

आता मुख्य रस्ते बघू.

पहिला, इटलीतल्या संघटनांचा. ए.आय.एस., म्हणजे इटालियन सॉमेलिए असोसिएशन, 1965 मध्ये मिलानमध्ये सुरू झाली. मी हाच कोर्स केला. तीन टप्पे असतात. पहिल्यात द्राक्षशेती, वाईन बनवणं, चाखायची पद्धत आणि सर्व्हिस. दुसऱ्यात इटलीचे आणि जगातले प्रांत. तिसरा जवळजवळ सगळा जेवण आणि वाईनच्या जोडीवर. प्रत्येक वर्गात वाईन चाखायची आणि थुंकायची. हो, थुंकायची, नाहीतर तिसऱ्या ग्लासनंतर वहीत काय लिहिलंय ते आपल्यालाच वाचता येत नाही! पण बहुतेक वर्ग इटालियनमध्ये असतात. मला ते जमलं, कारण मी इथेच राहतो आणि भाषा आधी शिकलो होतो.

दुसरा रस्ता डब्ल्यू.एस.ई.टी., लंडनची संस्था, 1969 पासूनची. इंग्रजीत शिकता येतं आणि भारतातही वर्ग होतात. सोप्यापासून अवघडापर्यंत लेव्हल्स आहेत. तिसऱ्या लेव्हलला लेखी परीक्षेबरोबर दोन वाईन नाव न सांगता देतात, त्या चाखून वर्णन लिहायचं. पाया पक्का होतो. पण हे मुख्यतः ज्ञान आहे, आणि ते साऱ्या जगाच्या वाईनचं. टेबलाशी उभं राहून बाटली कशी उघडायची, हा त्याचा मुख्य विषय नाही.

तिसरा, कोर्ट ऑफ मास्टर सॉमेलिएज. इथे सर्व्हिसला मोठं महत्त्व. दुसऱ्या पायरीवर, म्हणजे सर्टिफाइड सॉमेलिएच्या परीक्षेत, थिअरी, चाखणं आणि प्रत्यक्ष सर्व्हिस असे तीन भाग असतात.

आणि फक्त इटलीच खोलात शिकायची असेल तर इटालियन वाईन स्कॉलर नावाचा अभ्यासक्रम आहे. एका भागात उत्तर इटली, दुसऱ्यात मध्य आणि दक्षिण. पण आधी पाया, मग हा.

एक प्रसंग सांगतो. नेब्बियोलोच्या वर्गात सरांनी विचारलं, "तोंडात काय होतंय?" कुणी म्हणालं कोरडं, कुणी म्हणालं खरखरीत. माझ्या डोक्यात एकच शब्द आला, तुरट! कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तेच. मग बार्बेरा आली. तीही पिएमोन्तेचीच, पण तुरटपणा कमी आणि आंबटपणा भरपूर. दोन ग्लास शेजारी ठेवले आणि पुस्तकातली दहा पानं एका मिनिटात कळली. म्हणून सांगतो, चव ओळखायचे शब्द आपल्याकडे आधीच आहेत. आवळा, चिंच, लवंग, ओली माती, सगळं वहीत मराठीत लिहा. परीक्षेचे शब्द नंतर शिकता येतात.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. एक, प्रत्येक वर्गात किती वाईन चाखायला मिळतील, आणि त्यांचा खर्च फीमध्ये आहे का? दोन, शिकवणारे स्वतः काय शिकलेत, कुठे काम केलंय? तीन, परीक्षेत चाखणं आणि सर्व्हिस आहे का? चार, तुम्हाला जिथे नोकरी हवी आहे, तिथले लोक हे सर्टिफिकेट ओळखतात का? चौथा प्रश्न संस्थेला विचारू नका. हॉटेलच्या मॅनेजरला विचारा.

आता निफाडच्या ताईसाठी माझं सुधारलेलं उत्तर. आत्ता इटलीसाठी कर्ज काढू नकोस. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, इटलीत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला. तुझ्या घराजवळ एवढ्या वायनरी आहेत, एक हंगाम तिथल्या टेस्टिंग रूममध्ये काम कर. दिवसभर उभं राहून पाहुण्यांना वाईन समजावणं तुला आवडतं का, ते फुकटात कळेल. मग इथेच इंग्रजीतला पायाचा कोर्स कर. सोबत इटालियन भाषा सुरू कर. आणि एक गृहपाठ. अकलूजला फ्रातेली ही वायनरी इटालियन आणि भारतीय भावांनी मिळून उभी केली आहे, नावाचा अर्थच 'भाऊ'. तिथे सांजोवेझे लावलंय. ती वाईन आणि इटलीची कियान्ती क्लासिको शेजारी ठेवून चाख. क्लासिकोत किमान 80 टक्के सांजोवेझे असतं. द्राक्ष तेच, माती वेगळी. काय वेगळं लागलं ते मला पाठव. त्यानंतरही इटलीला यावंसं वाटलं, तर ये. मिलानमध्ये हा दादा आहे.

आणि ताई, मुंबईच्या सोनल हॉलंड 2016 मध्ये भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाईन झाल्या. म्हणजे वाट आहे. फक्त पहिलं पाऊल बाबांच्या कर्जावर टाकू नकोस.

तुमच्यापैकी कुणी यातला एखादा कोर्स केला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, खर्च आणि अनुभव दोन्ही सांगा. पुढच्या भागात ऐकवतो. आणि हो, चाखून झाल्यावर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या. भेटू!