रत्नाचे तेज आणि कारागिराचा श्वास



गुजरातेतील खंबायतचे अकीक प्रसिद्ध आहे. ते घासणाऱ्या कारागिराची व्यथा मात्र फारशी कोणास ठाऊक नाही. अकीक म्हणजे बहुतांशी सिलिका. घासताना उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसाच्या वायुकोशांत रुतते, तेथे कठीण गाठी धरतात आणि दम कोंडू लागतो. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. शिवाय क्षयाला वाट करून देतो.

हे काम घरोघरी चालत आल्याने धूळ शेजाऱ्यांच्या व मुलांच्या श्वासातही गेली. १९४८ च्या कारखाना कायद्याने या रोगाची सूचना शासनाला देणे बंधनकारक केले. पण घरगुती काम त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

तोंडावरचा रुमाल ही धूळ अडवीत नाही. पाण्याची धार सोडून घासणे आणि धूळ ओढून घेणारी यंत्रे, हाच खरा उपाय. त्याचा भार एकट्या कारागिरावर टाकणे समाजाला शोभत नाही.