शालेय नाटक आणि वडीलधारे साहाय्यक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



दहावीत असताना शाळेच्या नाटकाचे चालकत्व आमच्याकडे आले. नट समवयस्क, त्यांना दटावता येई. पण पेटीवाले मास्तर, रंगपटातील मावशी आणि पडदा ओढणारे काका हे स्वखुशीने आलेले वडीलधारे. त्यांना बोलणार कोण? काका तालमीस उशिरा येत, आणि आले की नटांना अभिनय शिकवीत बसत. एकदा आम्ही त्यांना चारचौघांत बोललो. ते मुकाट्याने घरी गेले. आमचे म्हणणे खरे होते. पण पडद्याला माणूस उरला नाही!

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. जाताना एक वही नेली होती. पडदा कोणत्या वाक्यावर उघडावयाचा, कोणत्या वाक्यावर पाडावयाचा, हे तीत लिहिले होते. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’त सूत्रधार पदे म्हणे व पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत, पडद्याचे तसे चालत नाही.

वही चाळून काका म्हणाले, “हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं रे.”

तेही खरेच होते. पुढे ते वेळेवर येऊ लागले. अभिनय शिकविणे मात्र शेवटपर्यंत सुटले नाही.