एक नाव, दोन नोंदी



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत यापूर्वी अनेक विद्वानांनी आपली पुष्पे गुंफली आहेत. मी साहित्यिक नाही, इतिहासकारही नाही. संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालेला, याच शाळेचा एक जुना विद्यार्थी आहे. म्हणून ज्या कामाचा मला अनुभव आहे, आणि ज्यात माझ्या हातून एक चूकही घडली आहे, त्याच विषयावर दोन शब्द बोलण्याची आपली अनुज्ञा घेतो.

गुरुजींची हजेरी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आमच्या वर्गात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे दोन विद्यार्थी होते. दुसरे शिक्षक त्यांना 'एक नंबर' आणि 'दोन नंबर' म्हणत. गुरुजींनी तसे कधी म्हटले नाही. ते नावाआधी गाव घेत. पोराला नंबर लावू नये, त्याला त्याची ओळख असते, असे ते सांगत. त्या वयात आम्हांला ती एक लकब वाटली. तिच्यामागे केवढे शास्त्र आहे, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

काही वर्षांपूर्वी शाळेने माजी विद्यार्थ्यांची सूची संकेतस्थळावर करावयाचे ठरविले. प्रत्येकाने आपली माहिती स्वतः भरावी, अशी योजना होती. ती व्यवस्था पाहण्याचे काम माझ्याकडे आले. नोंदी भराभर येऊ लागल्या, आम्हांला आनंद झाला. आणि थोड्याच दिवसांत लक्षात आले की, सूचीत माणसे जितकी आहेत त्यांहून नोंदी अधिक आहेत. एकाच गृहस्थांची एक नोंद मराठीत, एक कानडीत, तर एक इंग्रजीत. एक त्यांनी स्वतः भरलेली, दुसरी नातवाने हौसेने भरलेली. भगिनींच्या बाबतीत एक नोंद माहेरच्या नावाने, दुसरी सासरच्या.

हे सर्वत्रच घडते. परंतु आपल्या सीमाभागात ते अधिक घडते आणि त्याला कारणे आहेत. १९४८ पूर्वी आपण निजामाच्या राज्यात होतो. तेव्हाच्या कागदांत नावे उर्दूत लिहिली जात, आणि उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत; त्यामुळे एकच नाव दोन जण दोन तऱ्हांनी वाचू शकतात. वर्षे फसली सनाची. त्या सनात सुमारे ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. हा हिशेब एका वर्षाने चुकला की, एका मुलाचे दोन मुलगे होतात. गावांचेही तसेच. उदगीर तालुक्यातील माणूस १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बीदर जिल्ह्याचा होता, राज्यपुनर्रचनेनंतर उस्मानाबाद जिल्ह्याचा झाला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातूरचा. त्याने आपला उंबरठाही ओलांडला नाही, पण जिल्हे तीन झाले! गुलबर्ग्याचे २०१४ मध्ये अधिकृतपणे कलबुर्गी झाले. इकडचा बिरादार तिकडे गेला की बिराजदार होतो. कानडी पद्धतीत आद्याक्षरे नावाआधी येतात, मराठीत आडनाव शेवटी येते.

जन्मतारखेने ओळखावे म्हटले, तर आपल्या पिढीतील कितीतरी जणांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा! आईबापांना तारीख ठाऊक नसे. नाव दाखल करणारे मास्तर सोईची तारीख घालून मोकळे होत. यंत्राला हे काय ठाऊक? त्याला तर आपल्या लिपीतच गोंधळ होतो. 'कुऱ्हाडे' या आडनावातील अर्धा 'र' संगणकात दोन निराळ्या प्रकारे साठविता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात; यंत्राला ती दोन वेगळी आडनावे वाटतात. म्हणून तुलना करण्यापूर्वी सर्व नावे आतल्या आत एकाच प्रकारात आणून घ्यावी लागतात.

या प्रश्नाचा विचार जगात पूर्वीच झालेला आहे. अमेरिकेच्या जन्ममृत्यू-नोंदींच्या खात्याचे प्रमुख हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये एक छोटा लेख लिहिला. प्रत्येक मनुष्याचे जीवन हे एक पुस्तक असून त्याची पाने निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असतात, ती एकत्र बांधणे हे आपले काम, अशी त्यांची कल्पना होती. पुढे १९६९ मध्ये कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातील फेलेगी आणि सुंटर यांनी त्याला गणिताची बैठक दिली. त्यांनी नोंदींच्या जोड्यांचे दोन नव्हे, तीन ढीग केले: एकच माणूस, वेगळी माणसे, आणि तिसरा ढीग शंकेचा. या तिसऱ्या ढिगाचा निर्णय यंत्राने करावयाचा नसतो. तो माणसाने कागद पाहून करावयाचा असतो. हा तिसरा ढीग आपण लक्षात ठेवावा, कारण माझी चूक तेथेच घडली.

आता दुसरा प्रकार सांगतो. माणसे वेगळी, पण मजकूर एकच. याला जबाबदार मीच. लोकांना सोपे जावे म्हणून अर्जात मी नमुन्याचा एक परिच्छेद घालून ठेवला होता: 'या शाळेने माझ्यावर उत्तम संस्कार केले.' बहुतेकांनी तो तसाच ठेवला. परिणाम असा की, पानांमागून पाने शब्दशः सारखी झाली.

शोधयंत्रे अशा पानांचे काय करतात, ते समजून घेण्यासारखे आहे. १९९७ मध्ये अँड्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. मजकुराचे काही शब्दांचे छोटे तुकडे करावयाचे, कौले एकमेकांवर चढवितो तसे एकमेकांत अडकलेले. आणि दोन पानांत किती तुकडे समान आहेत, ते मोजावयाचे. सुमारे ३ कोटी पानांवर त्यांनी हा प्रयोग केला होता. आजची यंत्रेही सारख्या पानांचा एक गट करतात, त्यातील एक पान प्रतिनिधी म्हणून दाखवितात आणि बाकीची मागे ठेवतात. पुष्कळांना वाटते, ही शिक्षा आहे. फसविण्याचा हेतू नसेल तर ती शिक्षा नव्हे; वाचणाऱ्याला तेच तेच दाखवू नये, एवढाच तो विवेक. परंतु आपल्या सूचीत त्याचा अर्थ असा झाला की, जो मागे राहिला तो शोधूनही सापडेना.

यावर उपाय आहेत. एकच पान वर्षाच्या यादीतून एका पत्त्याने आणि गावाच्या यादीतून दुसऱ्या पत्त्याने उघडत असेल, तर त्यातील मुख्य पत्ता कोणता, हे पानातच सांगता येते. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून तशी खूण मान्य केली. यंत्र ती सूचना म्हणून घेते, आज्ञा म्हणून नव्हे. एकाच माणसाच्या दोन नोंदी जोडल्या, तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचे नव्या पत्त्याकडे वळवावे. जुने दार भिंत घालून बंद करू नये. नावापलीकडे काहीच नसलेले पान आपल्या यादीत खुशाल असावे, पण ते शोधात घेऊ नये, असे यंत्राला कळवावे. आणि नमुन्याचा परिच्छेद? तो मी काढून टाकला. त्याऐवजी साधे प्रश्न ठेवले: शाळेला कोणत्या वाटेने येत होता? डब्यात काय असे? कोणत्या शिक्षकांचा मार आठवतो? यानंतर दोन पाने सारखी आली नाहीत.

एका व्यक्तीची ओळख आणि तिच्याविषयीचे अनेक पाठ, हा प्रश्न आपल्या या भूमीला नवा नाही. इथून जवळच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तेथे शरणांनी वचने रचली आणि प्रत्येकाने आपली मुद्रा वचनात ठेवली. बसवण्णांची 'कूडलसंगमदेव', अल्लमप्रभूंची 'गुहेश्वर', अक्कमहादेवींची 'चेन्नमल्लिकार्जुन'. नाव गळून पडले तरी मुद्रेवरून वचन कोणाचे ते कळावे. पुढे पोथ्यांच्या नकला होत गेल्या आणि एकच वचन कोठे एका मुद्रेने, तर कोठे दुसऱ्या मुद्रेने आढळू लागले. फ. गु. हळकट्टी यांनी गावोगावच्या ताडपत्रांवरून १९२३ मध्ये 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले, आणि डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्या प्रधान संपादकत्वाखाली १९९३ मध्ये समग्र वचनांचे खंड निघाले. या विद्वानांनी उपसलेले कष्ट म्हणजे एका अर्थी दुहेरी नोंदींची छाननीच होय.

मराठीत त्याहून जवळचे उदाहरण लीळाचरित्राचे आहे. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्यांनी त्यांना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितला, असे होणारच. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ गेला आणि तो स्मरणावरून पुन्हा सिद्ध करावा लागला. तेव्हाही भिन्न पाठ पुसून टाकले गेले नाहीत. महानुभाव परंपरा अशा पाठभेदाला 'वासना' म्हणते, आणि पोथीत तो कोणाचा, हे नाव घेऊन नोंदलेले सापडते. मुख्य पाठ एक. पण दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या नावासह शाबूत. संगणकाच्या शास्त्राने याहून अधिक चांगला नियम मला अद्याप शिकविलेला नाही.

हे सारे मला आज सांगता येते. त्या दिवशी आठवले असते तर बरे झाले असते.

दोन नोंदी होत्या. नाव एक, वडिलांचे नाव एक, आडनाव एक, शाळा सोडल्याचे वर्ष एक. आणि जन्मतारीख अर्थातच १ जून. गावांची नावे किंचित निराळी होती, पण तो लिपीचा फरक असावा, असे मी गृहीत धरले. यंत्राने जोडी शंकेच्या ढिगात टाकली होती. रात्र झाली होती, ढीग संपवावयाचा होता. मी दोन्ही नोंदी एक केल्या. एका नोंदीत मजकूर भरपूर होता, तो ठेवला. दुसऱ्या नोंदीत चारच ओळी होत्या आणि निधनाचे वर्ष होते. मी वर्ष घेतले, नावामागे 'कै.' लावले आणि त्या चार ओळी काढून टाकल्या.

आठवड्याने पुण्याहून एका मुलीचा दूरध्वनी आला. तिचे काका गावी धडधाकट होते, आणि लोक त्यांच्या घरी भेटीला येऊ लागले होते. मी क्षमा मागितली. काकांनी ती हसून दिली. मला वाटले, प्रकरण मिटले.

त्यानंतर दुसरा दूरध्वनी आला. तो दुसऱ्या गृहस्थांच्या पत्नीचा होता. मुलाकडून त्या चार ओळी त्यांनीच लिहवून घेतल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, शाळेच्या रजिस्टरात तर दोघं होते. तुमच्याकडं एकच कसा झाला? ह्यांचं नाव कुठं छापलेलं असं तेवढंच होतं हो." मी त्या ओळी परत आणावयास गेलो, तर त्या नव्हत्या. पूर्वीची प्रत ठेवण्याची व्यवस्थाच मी केलेली नव्हती. त्यांना त्या मला दूरध्वनीवरून पुन्हा सांगाव्या लागल्या: लेझीम पथकात होते, पुढे पिठाची गिरणी चालविली, नदीला पाणी असले की कपडे डोक्यावर बांधून शाळेला येत. चौथी ओळ त्यांना आठवेना. ती आजही आपल्या सूचीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत येऊन जुने रजिस्टर काढून घेतले. दोन्ही नावे एकाखाली एक होती. शेऱ्याच्या रकान्यात, एका नावापुढे, गुरुजींच्या हातचे दोन शब्द तांबड्या शाईने लिहिलेले होते: 'मामाकडे राहतो'. मामाचे गाव वेगळे, मुलगा वेगळा. मला हवे असलेले उत्तर कपाटात कित्येक वर्षे होते. मी ते उघडले नव्हते.

तेव्हापासून आम्ही काही नियम केले आहेत. यंत्राने जोड्या दाखवाव्यात. जोडणी माणसाने करावी. जोडण्यापूर्वी प्रवेश-क्रमांक पाहावा आणि संबंधित माणसाला, तो नसेल तर घरच्यांना, विचारावे. जे जोडले ते पुन्हा सोडविता आले पाहिजे, म्हणून मूळ नोंद कधीही नष्ट करू नये. दोन नोंदी एकाच माणसाच्या निघाल्या, तरी दुसरीतील शब्द लिहिणाऱ्याच्या नावासह खाली राहू द्यावेत. नातवाला दिसलेले आजोबा आजोबांना स्वतःला दिसलेले नसतात. आणि जन्मतारीख व दूरध्वनी क्रमांक पडताळणीसाठी आपल्याजवळ ठेवावेत; जगाला दाखवू नयेत.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. सूचीत एक माणूस दोनदा आला, तर सूची थोडी अजागळ दिसते. उद्या दुरुस्त करता येते. दोन माणसांचा एक झाला, तर एक जण नाहीसा होतो, आणि तो तक्रार करावयासही उरत नाही. या दोन चुकांचे वजन सारखे नाही. शंका असेल तेव्हा दोन्ही नोंदी राहू द्या.

आज येथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या नोंदी दोनदा झाल्या असतील त्यांनी, आणि ज्यांची एकही नसेल त्यांनीही, कार्यक्रमानंतर कृपया मला भेटावे. रजिस्टर मी बरोबर आणले आहे. गुरुजींप्रमाणे मी आधी गाव विचारीन.