परिचारिकेचें वेतन आणि गांवाचा पत्ता



वेतनश्रेणीसारख्या रूक्ष विषयावर एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें आपणांस कदाचित् नवल वाटेल. परंतु हा विषय माझ्याकडे सरकारी कागदांतून आला नाहीं. तो दिवाळीच्या दिवसांत माझ्या ओसरीवर चालून आला. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांतील हट्टा हें माझें गांव. तेथें माझ्या हाताखालीं शिकलेल्या तीन मुली पुढें परिचारिका झाल्या. तिघींची पदविका एकच, आणि रात्रपाळीचें जागरणही एकच. गेल्या दिवाळींत तिघी मिळून मला भेटावयास आल्या. बोलतां बोलतां पगाराची गोष्ट निघाली, आणि तिघींचे आंकडे इतके निराळे निघाले कीं, आयुष्यभर त्रैराशिक शिकवूनही मला त्यांचा मेळ घालतां येईना.

पहिली मुलगी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयांत कायम नोकरीवर आहे. राज्यानें २०१९ सालीं लागू केलेल्या सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणींत सरकारी अधिपरिचारिकेचें मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतें. हें मूळ वेतन मुंबईंत आणि हिंगोलींत एकच; भेद पडतो तो घरभाडेभत्त्यांत. त्यासाठीं गांवांचे तीन वर्ग केलेले आहेत. मुंबई-पुणें पहिल्या वर्गांत, आमच्या शेजारचें नांदेड दुसऱ्यांत, आणि हट्ट्यासारखीं गांवें तिसऱ्यांत. आरंभीं या वर्गांस अनुक्रमें मूळ वेतनाच्या शेंकडा २४, १६ आणि ८ असा भत्ता ठरला. म्हणजे ३५,४०० रुपयांवर मुंबईस ८,४९६, नांदेडास ५,६६४ आणि हट्ट्यास २,८३२ रुपये. महागाईभत्ता चढला कीं हे दरही चढतात. पण तीन, दोन, एक हें प्रमाण मोडत नाहीं.

मुंबईस घर महाग, हें कोण नाकारील? इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेंतही हीच रीत आहे. लंडनच्या आंतल्या भागांत मूळ वेतनावर शेंकडा २०, बाहेरच्या भागांत १५ आणि कडेच्या भागांत ५ असा जादा भत्ता, कांहीं मर्यादेंत, दिला जातो. तेव्हां शहरांतील परिचारिकेस अधिक मिळतें, याबद्दल माझी तक्रार नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, खेड्याचा खर्च कोणी मोजलेला नाहीं. खेड्यांतील परिचारिका सरकारी निवासस्थानांत राहिली, तर तिला घरभाडें मिळत नाहीं. मुलांच्या शाळेसाठीं तिनें नांदेडास किंवा परभणीस बिऱ्हाड केलें, तर रोजचें एस्. टी.चें भाडें तिच्या पदरचें, आणि मुख्यालयीं न राहिल्याचा ठपका वर. आम्हां मास्तरांस हा ठपका चांगलाच परिचयाचा आहे.

गैरसोयीच्या ठिकाणीं काम करणारास अधिक द्यावें, हें तत्त्व सरकारास ठाऊक नाहीं असें मात्र नव्हे. २००२ सालच्या निर्णयानें आदिवासी व नक्षलग्रस्त भागांतील कर्मचाऱ्यांस एक पायरी वरची वेतनश्रेणी देण्यांत आली. सपाटीवरचीं सर्वसाधारण खेडीं त्या सवलतींत बसत नाहींत. तीं मधल्यामध्यें राहिलीं: ना शहराचें घरभाडें, ना डोंगराची श्रेणी.

दुसरी मुलगी आमच्याच भागांतील एका आरोग्यकेंद्रांत राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालीं कंत्राटी आहे. अभियानाच्या आपल्या राज्यांतील जाहिरातींत अशा परिचारिकेचें मासिक मानधन २०,००० रुपये छापलेलें मीं स्वतः वाचलें आहे. एकाच रुग्णास सकाळीं कायम परिचारिकेनें सलाईन लावावें आणि रात्रीं कंत्राटी परिचारिकेनें तें बदलावें. रुग्णास दोन्ही हात सारखेच, खजिन्यास मात्र निराळे. ऑक्टोबर २०२३ मध्यें अभियानाचे कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले, ते सेवेंत कायम होण्याच्या मागणीसाठींच.

तिसरी मुलगी एका लहान खाजगी रुग्णालयांत आहे. जानेवारी २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें खाजगी परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठीं समिती नेमण्यास सांगितलें. समितीनें सुचविलें कीं, २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयानें त्या राज्यांतील सरकारी परिचारिकेइतकें वेतन द्यावें. १०० हून अधिक खाटा असल्यास तें शेंकडा १० पेक्षां, आणि ५० ते १०० खाटा असल्यास शेंकडा २५ पेक्षां अधिक कमी असूं नये. खाटा ५० च्या आंत असल्या तरी २०,००० रुपये द्यावेच. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली. केरळांत परिचारिकांनीं चळवळ केली, आणि तेथील सरकारनें एप्रिल २०१८ मध्यें खाजगी परिचारिकांचें किमान मूळ वेतन २०,००० रुपये ठरविलें. तो आंकडा ऐकून माझ्या तिसऱ्या विद्यार्थिनीस हसूं आलें. तिचा पगार त्याच्या जवळपासही नव्हता.

तिघींचें शिक्षण एक, काम एक. मग वेतन ठरलें कशावर? एकीचें शहराच्या वर्गावर, दुसरीचें नेमणुकीच्या कागदावर, आणि तिसरीचें मालकाच्या मर्जीवर. रुग्णाची गरज या हिशेबांत कोठेंच आली नाहीं. शहरांतील मोठ्या रुग्णालयांतून एक परिचारिका गेली, तर तिचें काम चारजणी वांटून घेतात. खेड्यांतील केंद्रांतून ती गेली, तर बाळंतिणीस रात्रीं गाडींत घालून पुढें न्यावें लागतें. माझ्या सुनेस एकदां असेंच न्यावें लागलें. चौकशी केली तेव्हां परिचारिकेची जागा रिकामी असल्याचें कळलें. आई व बाळ दोघेंही सुखरूप आहेत, पण त्या रात्रीचा रस्ता मी अद्याप विसरलों नाहीं.

म्हणून माझें मागणें दोनच गोष्टींचें आहे. कंत्राटी असो वा कायम, एका कामाचें मूळ वेतन एकच असावें. आणि खेड्यांत राहून सेवा करणारीस त्या राहण्याबद्दल कांहीं अधिक मिळावें. शहरांतील श्रोत्यांनीं हें परक्याचें गाऱ्हाणें समजूं नये. आपल्या घरच्या आजाऱ्याच्या उशाशीं रात्रभर जागणारी मुलगी पुष्कळदां आमच्यासारख्याच एखाद्या गांवाहून आलेली असते.

त्या दिवशीं निघतांना दुसऱ्या मुलीनें पिशवींतून एक कागद काढला. पुण्याच्या जागेसाठीं केलेला अर्ज होता. "गुरुजी, एवढ्या चुका पाहून द्या," असें ती म्हणाली. "जाऊं नकोस, पोरी," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण वीस हजारांत तिनें घर कसें चालवावें, याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. मीं दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि कागद तिच्या हातीं परत दिला.