अक्षर येतं, मग वाचन का थांबतं?

(कोरेगाव येथे महिला मंडळांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेलं भाषण)



गावात साक्षर बायका किती, हे विचारलं तर आकडा सांगता येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या पुरुषांची साक्षरता सुमारे ८८ टक्के आणि स्त्रियांची सुमारे ७६ टक्के होती. पण गेल्या महिन्यात किती जणी स्वतःहून काही वाचत बसल्या, हे कुणी विचारत नाही. अक्षर येणं वेगळं आणि वाचायला मिळणं वेगळं. आज मी या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे.

आपल्या आज्या-पणज्या निरक्षर होत्या, पण ग्रंथांना परक्या नव्हत्या. श्रावणात पोथी लागायची. वाचणारा बहुधा पुरुष, ऐकणाऱ्या बायका. कित्येकींना अध्यायच्या अध्याय पाठ असत. वाचन चारचौघांत होई, पण पोथी कुणाच्या हातात असायची हे ठरलेलं होतं. आणि काही जातींच्या बायकांना तर ऐकायला बसण्याचीही मुभा नव्हती. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहिणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने नेमक्या याच जागी बोट ठेवलं. धर्मग्रंथ वाचायचा अधिकारच आम्हाला नाही, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. ती फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं.

पुढच्या पिढीत काशीबाई कानिटकर. जन्म १८६१, सांगलीकडच्या आष्ट्याचा. लग्नानंतर त्या घरीच शिकल्या, पुढे लेखिका झाल्या आणि त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र प्रसिद्ध केलं. रमाबाई रानडे यांनी १९१० च्या आपल्या आठवणींत सांगितलं आहे की त्यांच्या शिकण्याला घरातल्याच बायकांचा विरोध होता. यावर ‘बाईच बाईची शत्रू’ असं म्हणून आपण मोकळं होऊ नये. सून पुस्तक घेऊन बसली की तिच्या वाट्याचं काम दुसऱ्या बाईच्या अंगावर पडतं. पुरुषाच्या अंगावर ते पडत नाही. म्हणून भांडण बायकांमध्ये दिसतं, कारण मात्र कामाच्या वाटणीत असतं.

आता जरा जवळ येऊ. आपल्या कोरेगाववरून जाणाऱ्या पुणे–मिरज रेल्वेमार्गावरच किर्लोस्करवाडी आहे. माळरानावर १९१० मध्ये उभी राहिलेली ही लोखंडी नांगरांच्या कारखान्याची वसाहत. तिथे १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि ऑगस्ट १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू झालं. पुण्या-मुंबईत नव्हे, आपल्यासारख्या भागात! हे जमलं कसं? छापखाना होता, रेल्वे होती, टपाल होतं. शाळेत गेलेल्या मुलींची एक पिढी लग्न होऊन घरोघरी पोचली होती. संपादकांना बायकांचे प्रश्न मांडायचे होते. यातली एकच गोष्ट असती तर मासिक चाललं नसतं. सगळ्या एकमेकींना लागून आल्या. तरी हे मासिक मुख्यतः पांढरपेशा घरांतच गेलं. शेतमजूर बाईच्या भोवती यातलं काहीच नव्हतं.

रॉबर्ट डार्न्टन या अमेरिकन इतिहासकाराने १९८२ मध्ये मांडलं की पुस्तकाचा प्रवास वर्तुळासारखा असतो. लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूक करणारा, विक्रेता, वाचक, आणि वाचकाकडून पुन्हा लेखकाकडे. जवळपास त्याच काळात, १९८४ मध्ये, अमेरिकेतच सांता फे इथे एक संस्था निघाली. पदार्थविज्ञान, जीवशास्त्र, अर्थशास्त्र अशा वेगवेगळ्या विषयांची माणसं तिथे एकत्र बसून गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा अभ्यास करू लागली. मुंग्यांचं वारूळ, बाजारपेठ, साथीचा रोग, यांत सुटा भाग तपासून सगळं कळत नाही. भागांमधले संबंध पाहावे लागतात. परिणाम फिरून कारणाकडे येतो आणि ते कारण आणखी बळकट करतो किंवा विझवतो. शब्द जड वाटतील, पण घर चालवणाऱ्या बाईला हे नवीन नाही. नळाला पाणी आलं नाही तर मुलीची शाळा बुडते, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

या नजरेने आपल्या जिल्ह्याचाच अनुभव पाहा. १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सातारा जिल्ह्यात सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. गावाने प्रौढांना शिकवण्याची जबाबदारी घ्यायची, काही महिने वर्ग चालवायचे, शेवटी ग्रामगौरव समारंभ. उत्साह खरा होता. पण पुढे अनेक जण शिकलेली अक्षरं विसरले. वर्ग संपल्यावर हातात वाचायला काही नव्हतं आणि न वाचल्यामुळे अक्षर पुसट झालं. अक्षर पुसट झालं की वाचायला कष्ट पडतात, आणि कष्ट पडतात म्हणून बाई वाचन टाळते. हे उलटं फिरणारं चाक आहे.

हेच चाक सुलटंही फिरतं. १९९० नंतर आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेच्या वर्गात दारूच्या प्रश्नावरचा धडा होता. बायकांनी तो वाचला, त्यावर चर्चा केली आणि उठून दारूचे लिलाव बंद पाडले. १९९३ मध्ये सरकारला गावठी दारूवर बंदी घालावी लागली. धडा एकच होता, पण वाचणाऱ्या जणी एकत्र बसलेल्या होत्या, प्रश्न त्यांच्या घरातला होता आणि वाचून झाल्यावर करण्यासारखं काम समोर होतं.

मी ज्या गावांत काम करते तिथे वाचनालय बहुतेक वेळा पाराजवळ किंवा चावडीजवळ असतं आणि संध्याकाळी उघडतं. त्या वेळी तिथे पुरुष बसलेले असतात आणि बाई चुलीपाशी असते. पुस्तकं आहेत, साक्षर बाई आहे, दोघींची गाठ पडत नाही. उत्तर कोरेगावात पाण्याला वेळ जातो, घेवड्याच्या काढणीत सगळा दिवस जातो. सातवी-आठवी शिकलेली बाई मग मला सांगते, “ताई, वाचायचं विसरले.” ती विसरली नाही, तिला विसरायला लावलं गेलं.

२०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्र सरकारने नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला. त्यात शिकणाऱ्यांची चाचणी होते, प्रमाणपत्र मिळतं. ते जरूर मिळावं. पण प्रमाणपत्राच्या दुसऱ्या दिवशी ती बाई काय वाचणार, कुठे बसून आणि कुठल्या वेळात, याची व्यवस्था आपण केली नाही तर साठ वर्षांपूर्वीचा ग्रामगौरव पुन्हा होईल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या गावातल्या पंचवीस घरांची वही करावी. घरात छापील काय येतं? ते आधी कोण उघडतं? बाईला दिवसात कोणता अर्धा तास मोकळा असतो? दिवा कुठे आहे? सुनेने पुस्तक घेतलं तर काम कोण उचलतं? मोबाईल कुणाचा, त्यावर ती काय वाचते? ही माहिती शिक्षिका, आशाताई, वाचनालयाचे लोक आणि शेतात जाणाऱ्या बायका यांनी एकत्र बसून पाहावी. प्रत्येकीला वेगळा धागा दिसेल. मग एकच धागा निवडावा. कुठे वाचनालयाची वेळ दुपारची करून घ्यायची, कुठे पुस्तकांची पेटी बचत गटाच्या बैठकीत न्यायची, कुठे आठवड्यातून एकदा एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, पण वाचणारी दर वेळी बदलायची.

तीन महिन्यांनी पुन्हा भेटू तेव्हा वह्या घेऊन या. आकडे कमी असले तरी चालतील, खरे असू द्या. ग्रामसभेत वाचनालयाची वेळ बदलून मागायची तर हातात काहीतरी असायला हवं. ते आपणच लिहिलेलं असलं तर वाचूनही आपणच दाखवू.