कच्चं सोयाबीन नको, बटल्याच्या साली चालतील

धार-देवासकडच्या घरांत सोयाबीन कोणी मोजून वापरत नाही. कट्ट्यातून सांडतं, अंगणात वाळत पडतं, ओसरी झाडली की पसाभर निघतं. हे सगळं कोंबड्यांचंच, असं आपण धरून चालतो. म्हणून परसातल्या कोंबड्यांबद्दल आणि त्यांच्या वरखाऊबद्दल, म्हणजे खाद्याशिवायच्या खाऊबद्दल, आज बोलताना सुरुवात इथूनच करतो: कच्चं सोयाबीन कोंबडीला घालू नका.

कच्च्या दाण्यात एक द्रव्य असतं, ते प्रथिनं पचवणाऱ्या रसाचं कामच बंद पाडतं. कोंबडी खाते, पोट भरतं, पण अंगी लागत नाही. स्वादुपिंड सुजतं, पिल्लांची वाढ खुंटते, अंडी कमी होतात. घरातल्यांना वाटतं, इतकं सोयाबीन घालतोय तरी या अशा का? उष्णतेनं हे द्रव्य निकामी होतं. लोखंडी कढईत मंद आचेवर दाणे परता. साल तडकून खमंग वास सुटला आणि दाणा आतपर्यंत भाजला, की गार करून भरडा. सोयाबीनची पेंड कारखान्यात तापवूनच निघते, त्यामुळे तिच्यात हा दोष जवळजवळ राहत नाही, आणि प्रथिनं पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास असतात. देवास-इंदूर पट्ट्यात पेंड सहज मिळते, तेव्हा दाण्याचा हट्ट कशाला?

कुक्षी-मनावरकडच्या निमाडी श्रोत्यांसाठी आणखी एक. म्हशीच्या आंबोणातली सरकी कोंबड्यांपुढे टाकू नका. सरकीतल्या गॉसिपॉलमुळे अंडी ठेवल्यावर बलक हिरवट-तपकिरी पडतो, आणि सरकी जास्त झाली तर कोंबडीची तब्येतही ढासळते. आणि जूनमध्ये पेरून उरलेलं, औषध चोळलेलं गुलाबी बियाणं तर खुराड्याच्या आसपासही ठेवू नका. ते विषच आहे.

आता कोंबडी कोणती? धारचा पश्चिम भाग, झाबुआ आणि अलीराजपूर हे कडकनाथचं घर. भिल्ल-भिलाला कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं हे पाखरू. झाबुआच्या कडकनाथाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिसं, तुरा, चोच, कातडी काळी, मांससुद्धा काळसर. रक्त मात्र काळं नसतं, गडद लाल असतं. अंडीही काळी नसतात, फिकट बदामी असतात. बाजारात कोणी काळं अंडं दाखवलं तर पुढच्या दुकानात जा. वर्षाला साधारण ऐंशी ते शंभर अंडी, म्हणजे अंड्यांसाठी ही कोंबडी फार कामाची नाही. घरात रोज अंडं लागत असेल तर गावठीबरोबर जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाची नर्मदानिधी किंवा हैदराबादहून आलेली वनराजा ठेवा. कडकनाथ दोन-चार असू द्या, शोभाही आहे आणि गिऱ्हाईकही आहे. पण ‘पैसे भरा, पिल्लं घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ’ अशा योजनांपासून लांब राहा. महाराष्ट्रात सांगली-कोल्हापूरकडे 2019 मध्ये अशाच कडकनाथ योजनेत शेकडो शेतकरी फसले.

खाद्याचं गणित सोपं आहे. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खाद्य लागतं, मोकळी चरत असेल तर त्याहून कमी. दहा कोंबड्यांना धरा एक किलो. घरी करायचं तर निम्म्याहून अधिक मक्याचा भरडा, पाव हिस्सा भाजलेलं सोया किंवा पेंड, बाकी कोंडा आणि शेरभर खनिज मिश्रण नव्हे, चिमूटभर. हो, अनेकजण खनिज मिश्रण भसाभस घालतात. अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. तिला लागेल तेवढा ती स्वतः खाते. अंड्याची वाळलेली टरफलं बारीक कुटून चालतील, पण अख्खी टाकाल तर अंडी फोडून खायची सवय लागेल. वरखाऊ एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. हिरव्या पाल्याला थोडी सूट आहे, कारण त्यात पाणीच जास्त. खाद्य आधी, वरखाऊ दुपारनंतर. उलटं केलंत तर पोट पाल्यानं भरतं आणि अंडं राहतं.

पावसाळ्यात मक्याची कणसं निघतात, दाणे उरतात. कोंबड्यांना ते आवडतात, पण ओलसर, काळी किंवा हिरवी बुरशी चढलेला मका देऊ नका. बुरशीचं विष यकृत खराब करतं आणि ते भाजून किंवा धुऊन जात नाही. पहिल्या पावसात दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे येतात. परातीत पाणी घालून दिव्याखाली ठेवा, सकाळी कोंबड्यांना मेजवानी. शेताच्या बांधावरचं गवत मात्र आणू नका. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनवर फवारणी झालेली असते. याच दिवसांत खुराड्यातली भुशाची गादी ओली होते आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. शिटेत रक्त दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. गादी उलटीपालटी करत राहा, वरून चुना भुरभुरवा, पाण्याचं भांडं विटेवर उचलून ठेवा.

हिवाळा म्हणजे आपल्याकडे चंगळ. बटल्याच्या, म्हणजे मटारच्या, साली कापून, मेथी, पालक, गाजराचा पाला, मुळ्याची पानं. पाला जमिनीवर टाकला की दोन मिनिटांत चिखलात मिसळतो. जुडी सुतळीनं बांधून कोंबडीच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच टांगा. त्या उड्या मारून एक-एक पान तोडतात, पाला स्वच्छ राहतो, आणि रिकामपणानं एकमेकींची पिसं टोचणंही थांबतं. हिरवा पाला महिनाभर नेमानं दिला की बलक गडद केशरी होतो, फोडलेल्या अंड्यात फरक डोळ्यांना दिसतो. बटाट्याचं मात्र सांभाळा. हिरवट पडलेला, कोंब आलेला बटाटा आणि त्याची साल नको. उकडलेला चांगला बटाटा चालतो. आणि आपल्या इंदुरी थाटातले पोहे-शेव? शेवेत मीठ-तिखट भरपूर असतं. रात्रीचे उरलेले साधे पोहे एक चमचा ठीक, शेव तुम्हीच खा.

दिवस लहान झाल्यावर कोंबड्या अंडी कमी करतात, काहींची पिसं झडतात. पिसं प्रथिनांचीच असतात, म्हणून तेव्हा भाजलेल्या सोयाचा भरडा आणि तुरीची चुणी थोडी वाढवा. सोळा तासांचा उजेड पुरवून अंडी चालू ठेवता येतात हे खरं. पण घरच्या आठ-दहा कोंबड्यांना मी दिवे लावायला सांगणार नाही. त्यांना थंडीत विसावा मिळू द्यावा. थंडीच्या रात्री गोणपाटाचे पडदे लावा, पण छपराखालची वरची फट उघडी ठेवा, नाहीतर शिटेचा उग्र वास कोंडून श्वास लागतो.

मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की गोष्ट वेगळी. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकते. तिच्या अंगाचं तापमान मुळातच एक्केचाळीस-बेचाळीसच्या घरात असतं. दुपारी खाद्य देऊ नका, पचनाचीसुद्धा उष्णता असते. पहाटे आणि दिवेलागणीला द्या. दुपारी खरबुजाच्या साली, काकडी, टरबुजाच्या फोडी, बियांसकट. मातीच्या परातीत पाणी, तेही दोन-तीनदा बदलून. पिणं दुपटीवर जातं, म्हणून एकच भांडं पुरत नाही.

रोगांचं थोडक्यात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, घराघरातल्या खुराड्यांचा सफाया करते. पहिल्या आठवड्यात डोळ्या-नाकात लासोटा लस, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बीची सुई. लस बर्फात आणा आणि फोडल्यावर दोन तासांत संपवा. परसात कावळे किंवा कोंबड्या अचानक मरू लागल्या तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 2021 च्या जानेवारीत झाबुआतल्या कडकनाथांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता, त्याआधी इंदुरात कावळे मरत होते.

शेवटी पिल्लांविषयी. कडकनाथ कोंबडी अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून गावठी खुडूक कोंबडीखाली तिची अंडी घाला. एका कोंबडीखाली दहा-बारा, एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. माघात बसवलीत तर कडक उन्हाच्या आत पिल्लांना पिसं येतात. पहिले चार आठवडे पिल्लांना पिल्लांचं खाद्य आणि पाणीच द्या, वरखाऊ काही नको. पाण्याचं भांडं उथळ ठेवा, त्यात गोटे घाला, म्हणजे पिल्लं बुडत नाहीत. पाचव्या आठवड्यापासून बारीक चिरलेली कोथिंबीर चिमूटभर, आणि सोबत जाड वाळू एका झाकणात ठेवा. त्यांना दात नाहीत, दाणा पोटातल्या पिशवीत वाळूच दळते.