कटप्रॅक्टिस : आधी विचारण्याचा अधिकार

(विसरवाडी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



विसरवाडीचा महामार्ग एकीकडे धुळ्याला, दुसरीकडे सुरतेला जातो. रोग्याला कोणीकडे न्यायचे हे त्याच्या दुखण्यावरून ठरावे, चिठ्ठी देणाऱ्याच्या दलालीवरून नव्हे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने ही दलाली निषिद्धच ठरवली आहे. परंतु ती संहिता बांधते डॉक्टरला. इस्पितळाच्या मालकाला नाही, रोगी पोचवणाऱ्या जीपवाल्याला तर नाहीच. म्हणून २०१७ साली राज्य सरकारने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमली. मसुदा झाला, कायदा झाला नाही.

तो झालाच पाहिजे. पण माझी मागणी त्यापुढची आहे. अमेरिकेत, जिथे औषधोपचार हा उघड धंदा आहे तिथेही, १९९६ च्या कायद्याने व्यवहार करणाऱ्याला आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकाला आधीच लेखी विचारता येते : हे दलालीत मोडते काय? उत्तर लेखी मिळते आणि प्रसिद्धही होते. आपल्या तरुण डॉक्टरला एखादी लॅबोरेटरी दवाखान्याच्या कोपऱ्याचे भरमसाट 'भाडे' देऊ करते, तेव्हा त्याने कोणाला विचारावे? औषधकंपनीच्या प्रतिनिधीला?

मात्र तिथे विचारण्याचा हक्क व्यवहारातल्या पक्षालाच आहे; रोग्याला नाही. इथे आपण वेगळे झाले पाहिजे. त्याच १९९६ साली आपल्याकडे पेसा कायदा झाला. अनुसूचित क्षेत्रातल्या सामाजिक संस्थांवर व त्यांच्या कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचे अधिकार पंचायती व ग्रामसभेकडे असावेत, असे तो म्हणतो. नवापूर तालुका त्या क्षेत्रातच येतो. तेव्हा दलालीविरोधी कायद्यात ग्रामसभेलाही असा प्रश्न विचारता यावा, आणि उत्तर मराठीत, मुदतीत, पंचायतीच्या फलकावर लागावे, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा.